दहा पावलांचं मागणं

जांभळ्या डोंगराच्या पायथ्याशी, हिरव्यागार रानाच्या अगदी तोंडाशी, एक इवलंसं झोपडं होतं. त्या झोपड्यात मंजुळा राहायची. मंजुळा नऊ वर्षांची. तिच्याकडे एकच परकर, आणि त्यालाही तीन ठिगळं. एक हळदीच्या रंगाचं, एक मोरपिशी, एक भाजलेल्या विटेच्या रंगाचं. वस्तीतल्या मुली हसायच्या, तेव्हा ती म्हणायची, "ठिगळं कुठली? फुलपाखरं बसलीत माझ्या परकरावर!" आणि खेळायला पळायची.

पण घरात शिरताना मात्र तिची पावलं हळू व्हायची. कारण घरात आबा होते.

मंजुळाचे आबा, म्हणजे तिचे वडील लिंबाजी, वाटाड्या होते. डोंगरापलीकडे जाणाऱ्या माणसांना रानातून सुखरूप पार करायचं, हे त्यांचं काम. पंचवीस वर्षं त्यांनी तेच केलं. नव्या नवऱ्या त्यांच्या मागून सासरी गेल्या, कुंभार आपली मडकी घेऊन बाजाराला गेले, म्हाताऱ्या लेकीबाळींना भेटून आल्या. "लिंबाजी बरोबर असला की वाघसुद्धा वाट देतो," असं लोक म्हणायचे.

मग राजाने डोंगराला वळसा घालणारा रुंद, गुळगुळीत रस्ता बांधला. त्यावरून घुंगरांच्या बैलगाड्या छुमछुम धावू लागल्या. रानातून चालत कोण जाणार?

तरीही आबा रोज सकाळी पागोटं बांधून रानाच्या तोंडाशी जाऊन बसत. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून विकायची, त्यावर तिघांचं कसंबसं भागायचं. ती म्हणायची, "अहो, दुसरं काहीतरी करून बघा की."

"काय करू?" आबा म्हणायचे. "डोक्याचे केस पिकायला लागले. नवं शिकायचं वय पोरांचं असतं. मला एकच वाट ठाऊक होती, ती बंद झाली."

आणि एका सकाळी आबांनी पागोटं बांधलंच नाही. ते उठलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. भाकरी थंड झाली, चहाही थंड झाला. आई पत्रावळींचा भारा डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली आणि दारात वळून म्हणाली, "मंजे, आबांकडे लक्ष ठेव गं. मला आज फार भीती वाटतेय."

आबांना करवंदं फार आवडत. निदान तेवढी तरी खातील, म्हणून मंजुळा द्रोण घेऊन रानात धावली.

करवंदीच्या जाळीत काळी काळी, टपोरी करवंदं चमकत होती. तिने हात घातला आणि तेवढ्यात तिला आवाज आला. काचेच्या बांगडीला काचेची बांगडी लागावी, तसा नाजूक. कुणीतरी रडत होतं.

काट्यांच्या आत एक परी अडकली होती! अंगठ्याएवढी, चिमुकली. तिचा झगा शेवंतीच्या पाकळ्यांसारखा पिवळाधमक, केस आंब्याच्या कोवळ्या पानांसारखे तांबूस. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे, त्यात इंद्रधनुष्याचे सातही रंग थरथरत होते. एक पंख काट्यात रुतला होता.

"ओढू नकोस गं," परी कळवळून म्हणाली. "फाटेल."

मंजुळाने ओढलं नाही. तिने एकेक काटा मोडायला सुरुवात केली. काटे तिच्या बोटांत शिरले, रक्ताचे लाल थेंब आले. द्रोण कलंडून करवंदं मातीत पडली. पण ती थांबली नाही. शेवटचा काटा मोडला आणि परी भुर्रकन उडून तिच्या तळहातावर उतरली. सोनेरी धूळ भुरभुरली, आणि बोटांची आग विझली.

"तीन मागण्या माग," परी म्हणाली. "पण माझे तीन नियम आहेत, नीट ऐक. होऊन गेलेलं परत मागायचं नाही. दुसऱ्याचं मन मागायचं नाही. आणि जे काही मागशील, ते आजचा सूर्य डोंगराला टेकायच्या आत. एखादा नियम मोडला, तर ती मागणी फुकट गेली."

मंजुळा चटकन म्हणणार होती, आबांची जुनी वाट परत दे. पण ते तर होऊन गेलेलं. मग तिला म्हणायचं होतं, आबांना हसव. पण ते दुसऱ्याचं मन. तिने ओठ घट्ट मिटले. खूप विचार करून ती म्हणाली, "माझ्या आबांकडे आज एखादा वाटसरू येऊ दे. वाट विचारायला."

परीचे पंख क्षणभर स्तब्ध झाले. "असं एक माणूस घरातून निघालंय खरं. फार घाईत आहे. त्याची पावलं तुमच्या दाराकडे वळवते. पुढचं माझ्या हातात नाही हं."

मंजुळा धापा टाकत घरी आली, तर दारात एक म्हातारी उभी! पांढरेशुभ्र केस, पाठीला झोळी, पाय धुळीने माखलेले. कवडेवाडीच्या म्हाळसा वैद्यीण होत्या त्या.

"लिंबाजी वाटाड्या इथेच राहतो ना?" त्यांनी विचारलं. "उठ रे बाबा. आमच्या वाडीत सात मुलांना निळा ताप भरलाय. ओठ निळे पडलेत पोरांचे. त्यावर एकच औषध, सोनपावली. ती याच रानात उगवते. फूल उघडं असतानाच खुडावी लागते, आणि सूर्य डोंगराला टेकला की फूल मिटतं. आज मिळाली नाही तर…" म्हातारीने झोळी सावरली. "खडकातून पाणी झिरपतं अशा जागी ती असते म्हणतात. तुला ठाऊक आहे का ती जागा?"

आबा भिंतीकडून वळले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले, आणि पागोटं बांधू लागले.

तिघं निघाली. आबा पुढे, वैद्यीणआजी मध्ये, मंजुळा मागे. परी तिच्या वेणीत लपली होती. मागण्या मागणाऱ्याखेरीज ती कुणालाच दिसत नसे. रान पाचूसारखं लखलखत होतं. उन्हाचे गोल गोल कवडसे पायांखाली नाचत होते. आबांची पाठ ताठ झाली होती. मंजुळाला वाटलं, झालं! आता सगळं ठीक होणार.

पण दोन वर्षांत वाटेवर गवत माजलं होतं. आबा एका वळणावर थांबले. मग आणखी एका वळणावर थांबले. सूर्य माथ्यावरून पश्चिमेकडे कलला. आबांच्या कपाळावर घामाचे मणी जमले.

"किती राहिलं?" वैद्यीणआजींनी विचारलं.

"आलंच," आबा म्हणाले. पण ते मागे वळून बघेनात.

आणि मग वाट संपलीच. दरड कोसळून अख्खा उतार खाली गेला होता. जिथे पायवाट होती, तिथे लाल मातीचा उघडा कडा, आणि खाली खोल, अंधारी घळ.

"इकडून कडेकडेने जाता येईल," म्हणत आजींनी पाऊल टाकलं. माती सर्रकन सुटली. म्हातारीचा पाय घसरला, ती कंबरेपर्यंत कड्याखाली गेली, आणि तिच्या हातात फक्त गवताची एक जुडी राहिली. जुडी एकेका काडीने तुटू लागली. आबा धावले, पण ते दूर होते.

दुसरी मागणी मंजुळाने मनात राखून ठेवली होती. हिरव्या परकराची, रुपेरी काठाच्या. तिला तो परकर आठवलासुद्धा नाही. "आजीला पडू देऊ नकोस!" ती किंचाळली.

वेणीतून लख्ख उजेड निघाला. कड्यातून सळसळत एक वेल आली, पोपटी, दोरखंडासारखी जाड. तिने आजींच्या कमरेला वेढा घातला. आबांनी आणि मंजुळाने मिळून त्यांना वर ओढलं. तिघं मातीत बसून धापा टाकू लागली.

आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी खोटं बोललो, बाई," ते म्हणाले. "मला ठाऊक नाही ती जागा. वाटलं, जुन्या वाटेने चालत राहिलो तर कुठेतरी दिसेल. पंचवीस वर्षं मी या रानातून गेलो, पण या रानात कधी गेलोच नाही. खाली मान घालून पलीकडचं गाव गाठायचं, एवढंच मला येत होतं. तुम्ही दुसरं कुणाला तरी आणायला हवं होतं."

वैद्यीणआजी रागावतील, असं मंजुळाला वाटलं. पण त्या फक्त सूर्याकडे बघत होत्या. तो डोंगरापासून हातभर वर होता. "दुसरं कुणी नाही, लिंबाजी," त्या हलकेच म्हणाल्या. "सात मुलं आहेत. धाकटी दीड वर्षाची आहे."

मंजुळाकडे एकच मागणी उरली होती. तिने परीला तळहातावर घेतलं. "ही मागणी मी सोनपावलीसाठी मागू?"

"मागू शकतेस," परी म्हणाली. "फूल मिळेल, मुलं वाचतील. उद्या तुझे आबा पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. किंवा ही मागणी तू त्यांना देऊ शकतेस. पण दिलेली मागणी परत घेता येत नाही. आणि त्यांनी नियम मोडला, तर फूलही गेलं आणि मागणीही."

मंजुळाने त्या दीड वर्षाच्या बाळाचा विचार केला. तिने आबांकडे पाहिलं, मातीत बसलेल्या, खांदे पडलेल्या आबांकडे. तिने त्यांचा हात धरला आणि पिटुकली परी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"आबा, ही एक मागणी तुमची. मी देतेय."

आबांना परी दिसली आणि त्यांचे डोळे विस्फारले. मंजुळाने तिन्ही नियम भराभरा सांगितले.

"लवकर सांगा," परी म्हणाली. "तुम्हाला काय हवंय?"

आबांचे ओठ हलले. "माझी जुनी वा…"

"आबा, नको!" मंजुळा ओरडली. "ते होऊन गेलंय!"

आबा दचकले. सूर्य डोंगरापासून वीतभर राहिला. झाडांच्या सावल्या लांब लांब होत त्यांच्या पायांपर्यंत आल्या.

काय हवंय? गेली कित्येक वर्षं हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. त्यांना फूल मागावंसं वाटलं. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. आपल्या हातची मागणी देऊन ती तिथे उभी होती, त्यांच्यावर भरवसा ठेवून. ते उठून उभे राहिले. सूर्य चार बोटं उरला.

"मला सगळी वाट नको," आबा म्हणाले. "ती दाखवलीस तरी मला पेलायची नाही. मला फक्त पुढची दहा पावलं दिसू देत. पुढचं मी शोधीन."

परी हसली. एवढं गोड हसू मंजुळाने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या पंखांतून सोनेरी उजेडाची एक बारीकशी धार निघाली. ती कड्याकडे गेली नाही आणि जुन्या वाटेकडेही गेली नाही. ती वळली डावीकडे, दाट झाडीत, जिथे आबांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आबा मोजत चालले. एक, दोन, तीन. फांद्या बाजूला सारल्या. सात, आठ. नऊ, दहा. उजेड विझला.

समोर नुसती झाडी.

आबा खाली वाकले. त्यांनी मातीला हात लावला. "ओलसर आहे," ते पुटपुटले. मग कान दिला. "बेडूक ओरडतोय. पाणी जवळ आहे. इकडे या, इकडे!" आणि ते पळू लागले. पागोटं फांदीला अडकून पडलं, त्यांनी उचललंदेखील नाही. दगडांवरचं शेवाळ बघत, पाण्याचा वास घेत, ते पुढे पुढे गेले, आणि एका काळ्या खडकापाशी येऊन थबकले.

खडकातून थेंब थेंब पाणी झिरपत होतं. आणि त्याच्या पायाशी, हजारो चिमुकल्या सोन्याच्या पावलांसारखी, सोनपावली फुलली होती. पाकळ्या मिटायला लागल्या होत्या.

"खुडा!" वैद्यीणआजी ओरडल्या. सहा हातांनी भराभर फुलं खुडली. आजींची झोळी भरली, आणि शेवटचं फूल मंजुळाच्या बोटांत आलं, त्याच क्षणी सूर्य डोंगराला टेकला.

खडकावर परी उभी होती. तिच्याभोवती केशरी, गुलाबी, जांभळा उजेड फुलत होता.

"जातेस?" मंजुळाने विचारलं.

"तुझी बोटं दुखली, तरी तू माझा पंख ओढला नाहीस," परी म्हणाली. "मीही तुझ्या आबांना ओढलं नाही, बघ. जपून जा." उजेड एकदम एवढा मोठा झाला की तिघांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा पाण्यावर सोनेरी कण तरंगत होते, आणि तेही हळूहळू विरून गेले.

आबांनी त्यांना परत आणलं ते जुन्या वाटेने नव्हे, तर पाण्याच्या कडेकडेने, रस्त्यापर्यंत. तिथून एक बैलगाडी सुसाट कवडेवाडीला पळाली. तिसऱ्या दिवशी निरोप आला: सातही मुलांचे ओठ पुन्हा लाल झाले होते. धाकटीने तर दूध मागून सगळ्यांना रडवलं होतं.

पुढच्या आठवड्यात म्हाळसा वैद्यीण पुन्हा आल्या. बरोबर त्यांच्या चार शिष्या होत्या, वह्या आणि टोपल्या घेऊन. "लिंबाजी," त्या म्हणाल्या, "या पोरींना रान दाखवशील? पलीकडे कुठे जायचं नाहीये. आतच हिंडायचंय. दर पंधरा दिवसांनी येऊ आम्ही. घरात धान्याची चिंता राहणार नाही, एवढं आमची वाडी बघेल."

आईने हातातली पत्रावळ खाली ठेवली आणि आबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"मला फुलांची नावं येत नाहीत," आबा म्हणाले. "ती तुम्ही मला शिकवायची. जागा मी शोधून देईन."

त्या दिवशी ते सगळे रानात शिरले, तेव्हा मंजुळाही बरोबर होती. आबा दर चार पावलांवर थांबत होते. एक पान उलटून बघत, एका सालीचा वास घेत, शिष्यांना विचारत, "याला काय म्हणतात गं?" आणि नाव कळलं की ते दोनदा मोठ्याने म्हणून पाठ करत.

"आबा, चला ना लवकर," मंजुळा म्हणाली.

"थांब गं जरा," आबा म्हणाले, आणि खाली बसून एका निळ्या फुलाकडे बघू लागले.