हरणी वळून बघत नाही

"मग मी तुमचा कोण, अप्पा? एवढं सांगा."

"हळू बोल. ती बसली बघ."

अप्पांनी बोट केलं तिकडे शिवदेवाने पाहिलं. माळावर गुडघाभर पिवळं गवत, आणि त्यात कळपापासून लांब, एकटीच एक हरणी. ती बसली, उठली, स्वतःभोवती फिरली, पुन्हा बसली.

"दिवस भरलेत तिचे," गाडीवाला दस्तगीर कुजबुजला. त्याने जीपचं इंजिन बंद केलं.

शिवदेवाला हरणीत काडीचा रस नव्हता. तो अप्पांचा शिष्य. म्हणजे, त्याच्या मते शिष्य. ऐन तारुण्यात घर सोडून तो माळाकडेच्या या मठात आला होता. पोथ्यांवर पोथ्या त्याने मुखोद्गत केल्या. आता तो प्रवचनाला बसला की बायाबापड्या पदराने डोळे पुसत. मठात येणारा प्रत्येक जण अप्पांना विचारी, "हे आपले शिष्य का?"

अप्पा म्हणत, "असतो इथंच."

एकदा तर म्हणाले होते, "पाणी चांगलं भरतो."

शहरातल्या मोठ्या मठाने आता शिवदेवाला गादीवर बसवायचं ठरवलं होतं. त्यांची माणसं आज संध्याकाळी यायची होती. अट एकच. 'हा माझा शिष्य' असं अप्पांनी त्यांच्यासमोर म्हणायचं.

खरं सांगायचं तर गादीचं एवढं नव्हतं. गादी नसती तरी तो शब्द त्याला हवाच होता. इतक्या वर्षांत तो ऐकायला मिळाला नाही, हे दुःख त्याला आतून खात होतं.

सकाळपासून तो अप्पांच्या मागे लागला होता. अप्पांचं एकच. "आधी मला सफारीला ने."

घ्या! जन्म माळाच्या कडेला गेला. मठाच्या ओट्यावर बसलं तरी हरणं दिसतात. आणि म्हाताऱ्याला पाहुण्यांसारखं जीपमध्ये बसून ती बघायची हौस.

"प्रश्न कुठं पळून जातोय?" अप्पा म्हणाले होते. "हरणं पळतात."

"अप्पा, मी विचारलं त्याचं..."

"श्..."

हरणी आडवी झाली. तिने मान ताणली. शेपटीखाली दोन ओले खूर दिसले, मग त्यांच्यावर टेकलेलं नाक. ती मध्येच उठली, तशीच थोडी चालली, आणि पाडस धपकन गवतात पडलं.

ते हललं नाही.

आपण अप्पांचा दंड कधी धरला, हे शिवदेवाला नंतर आठवेना.

हरणी वळली आणि चाटू लागली. तोंडावरचा पापुद्रा, नाक, डोळे, कान... पाडस शिंकलं. त्याने मान झटकली. उठायला गेलं, तर मागचे पाय वर आणि तोंड मातीत. पुन्हा उठलं, पुन्हा कोसळलं. शेवटी चार पाय चार दिशांना रोवून कसंबसं उभं राहिलं, आणि आईच्या पुढच्या पायांत दूध शोधू लागलं.

"अरे मागं... मागं..." शिवदेव पुटपुटला.

दस्तगीर गालात हसला.

पाडसाला कास सापडली. ते लुचू लागलं, तशी त्याची इवलीशी शेपटीही हलू लागली. शिवदेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला त्याची लाजही वाटली नाही.

"केवढी माया," तो म्हणाला. "अप्पा, गुरूही असाच असतो, नाही का? शिष्याला जन्म देतो, चाटूनपुसून उभा करतो..."

"प्रवचन मठात."

शिवदेवाचं तोंड उतरलं.

थोड्या वेळाने पाडसामागची वार पडली. हरणीने ती खाल्ली. ओलं झालेलं गवतही चाटूनचघळून टाकलं. इथे कुणी जन्मलं, याची एक खूण म्हणून तिने ठेवली नाही. मग पाडसाला नाकाने ढोसत तिने गवताच्या एका दाट ठोंबाशी नेलं. पाडसाने मान जमिनीला लावली आणि ते गवतात दिसेनासं झालं.

आणि हरणी निघून गेली.

थोडीथोडकी नाही, पार लांब. तिथे पाठ फिरवून ती चरायला लागली. जसं काही आज तिला काही झालंच नव्हतं.

"अप्पा, ही टाकून गेली की त्याला?"

"गेली."

"अहो, पण का?"

"भूक लागली असेल."

"वळून तरी बघावं!"

अप्पा पंच्याने चष्मा पुसत बसले. आत्ताची ती माया, आणि आत्ताची ही पाठ... शिवदेवाला दोन्हींचा मेळ लागेना. हरणीचा त्याला राग आला. तेवढाच अप्पांचाही आला.

तेवढ्यात ओढ्याच्या अंगाने लांडगा वर आला.

तो जमीन हुंगत थोडा चालला. मग थांबला आणि हरणीकडे बघत राहिला. हरणीने मान वर केली. तिने लांडग्याकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, कळपाकडे पाहिलं. ठोंबाकडे पाहिलं नाही.

शिवदेव सीटवरून अर्धा उठला. "अप्पा, पाडस! ते तिथं..."

त्याचा हात ठोंबाकडे झाला होता. लांडगा वळला. त्याने जीपकडे पाहिलं, शिवदेवाकडे पाहिलं. मग शिवदेव जिकडे बघत होता, तिकडे हळूहळू मान फिरवायला लागला.

अप्पांनी शिवदेवाची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं. बोटं म्हातारी, पण पकड चिमट्याची.

"तिकडं बघू नको."

"मरेल हो ते!"

"म्हणूनच."

समोर उघडा माळ होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. शिवदेव तिकडे बघत राहिला. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि हनुवटी सुटत नव्हती. आपण ओरडावं की गप्प बसावं, हेही त्याला कळेना...

मागे एकदम खूर वाजले.

"पळाली, पळाली!" दस्तगीर म्हणाला. "लांडग्याच्या नाकासमोरून गेली की हो! लागला तिच्या मागं."

"आणि पाडस?"

"आहे तिथंच. हललंसुद्धा नाही."

अप्पांनी हनुवटी सोडली.

बऱ्याच वेळाने हरणी पलीकडच्या चढावर दिसली. लांडगा नाद सोडून ओढ्यात उतरला होता. हरणी धापा टाकत उभी होती, ठोंबाकडे पाठ करून.

"आता तरी येईल ना ती?"

"येईल तेव्हा येईल. चल, गुडघे आखडले."

परतताना शिवदेवाच्या डोक्यात नुसता गोंधळ होता. मठाचा कळस दिसू लागला तेव्हा त्याला राहवेना.

"अप्पा, एवढी वर्षं तुम्ही माझ्याकडं पाठ फिरवून बसलात. ती पाठ अशीच होती का?"

"कशी?"

"हरणीसारखी."

"मी कधी गवत खाल्लं?"

"थट्टा नको, पाया पडतो. तुमची माझ्यावर माया आहे, की तुम्हाला माझं काहीच नाही? बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं."

"सारखंच दिसतं," अप्पांनी मान डोलावली.

"मग मी काय समजू?"

"दस्तगीर, खड्डा चुकव बाबा."

मठाच्या दारात मोटार उभी होती. शहरातली मंडळी आलीच होती. पुढारी गृहस्थ झेंडूचा मोठा हार घेऊन पायरीवर उभे होते. त्यांनी अप्पांना वाकून नमस्कार केला, मग शिवदेवाला आपादमस्तक न्याहाळलं आणि समाधानाने हसले.

"अप्पा, आम्ही यांना आजच घेऊन जाणार. केवढा मोठा माणूस तुम्ही या माळावर लपवून ठेवलात! हजारो लोक वाट बघताहेत यांची. आता तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या. हे तुमचेच शिष्य ना?"

ज्या शब्दासाठी शिवदेवाने तारुण्य इथे घालवलं, तो आता अगदी ओठांवर आला होता. तो ऐकावासा वाटत होता. आणि त्याच वेळी अप्पांच्या तोंडावर हात ठेवावा, असंही वाटत होतं का... त्याला समजेना.

अप्पा त्याच्याकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला डोळे भरून पाहिलं.

"सांगू का रे?"