सात चिंचोके

दुसऱ्याची समजूत घालायला निघालेल्या माणसांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. फार पूर्वी नदीकाठी राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांना अशा माणसांचा मनस्वी राग येई, आणि म्हणूनच की काय, त्यांनी त्यांच्यासाठीच एक पाठशाळा काढली होती. तिथे वेद नव्हते, व्याकरण नव्हते. शोकात किंवा भांडणात सापडलेल्या माणसापाशी कसे बसावे, एवढेच तिथे शिकवले जाई.

रीत साधी होती. तिघातिघांनी मिळून बसायचे. एकाने आपले खरे दुःख सांगायचे, दुसऱ्याने ते ऐकायचे आणि तिसऱ्याने नुसते पाहायचे. ऐकणारा चुकला की पाहणाऱ्याने त्याच्यापुढे एक चिंचोका ठेवायचा. का ठेवला, ते मात्र शेवटीच सांगायचे.

त्र्यंबक हा तिथला सर्वांत हुशार शिष्य, आणि तसे त्याला स्वतःलाही वाटे. तो आला होता आक्कासाठी. त्याच्या या थोरल्या बहिणीचे तीन वर्षांचे मूल विहिरीत बुडून गेले, आणि त्यानंतर काही दिवसांतच तिने बोलणे टाकले. त्याला वर्ष होत आले. आता गावाहून निरोप आला होता की तिने अन्नही टाकले आहे.

त्र्यंबकाने जाण्याची परवानगी मागितली. आचार्य म्हणाले, "एकदा चिंचोक्याशिवाय ऐकून दाखव, मग खुशाल जा."

त्या सकाळी पाठशाळेतलाच भिवा कोष्टी त्याच्यासमोर बसला. तिसऱ्या जागी स्वतः आचार्य बसले. भिवाचा तरुण मुलगा घर सोडून गेला होता, त्याचे तो सांगू लागला. तोंडातून अवाक्षर काढायचे नाही असे त्र्यंबकाने ठरवलेच होते, आणि त्याने ते काढलेही नाही. तो मान डोलावत राहिला, नजर ढळू दिली नाही. तरी भिवा बोलता बोलता थांबला की आचार्य शांतपणे एक चिंचोका पुढे सरकवत. भिवाचे सांगून झाले तेव्हा त्र्यंबकापुढे सात चिंचोके जमले होते.

त्र्यंबकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने लाथेने चिंचोके उडवले.

"मी ब्र तरी काढला का? सांगा ना! तिकडे माझी बहीण मरणाला टेकलीय आणि तुम्ही इथे चिंचोके मांडत बसलाय! तुम्हाला मला पाठवायचंच नाही, तर सरळ तसं म्हणा. ही कसली पाठशाळा? ही थट्टा आहे आमची!"

तो बराच वेळ तोंडाला येईल ते बोलत राहिला. आचार्य ऐकत राहिले. शेवटी शब्द संपले आणि तो धापा टाकू लागला.

"सांगून झालं सगळं?" आचार्यांनी विचारले.

"झालं."

"मग आता माझं ऐक. भिवा सात वेळा थांबला. सातही वेळा तू ओठ उघडून श्वास आत घेतलास. उत्तर तयार होतं तुझ्याजवळ, फक्त दाबून धरलं होतंस. त्याने ते पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं. ते चिंचोके त्या गिळलेल्या वाक्यांचे होते. खोटं वाटत असेल तर विचार त्याला."

भिवाने मान खाली घातली. "पोराला मी मारलं होतं, चार माणसांत. तेच सांगायला बसलो होतो. पण तुमचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, यांना उपदेश सुचलाय. आता कशाला सांगा?"

"तोंड मिटायला कुणीही शिकतं," आचार्यांचा आवाज चढला. "समोरच्याचं सांगून संपायच्या आत तुझ्या मनात निकाल लागलेला असतो. हुशारांचा माज आहे हा! निकाल लागल्यावर साक्ष द्यायला कोण उभा राहील?"

त्र्यंबकाला आक्का आठवली. ती शेवटचे बोलली होती ती त्याच्याशीच. "त्या दिवशी मी..." एवढेच म्हणून ती थांबली होती. त्याने घाईने तिचे डोळे पुसले होते आणि म्हटले होते, "तुझा काय दोष, आक्का? देवाची इच्छा." निदान आपण तिला धीर तरी दिला, असे तो वर्षभर स्वतःला सांगत आला होता. आता त्याला स्वतःचीच चीड आली.

"म्हणजे मी जाऊ नये?" त्याने विचारले.

"आता जा," आचार्य म्हणाले.

घरी पोचल्यावर तो ओसरीवर आक्काशेजारी नुसता बसून राहिला. दोन दिवस गेले. "अरे, इतकं शिकून आलास, समजाव की तिला काहीतरी," असे शेजारणी येता-जाता त्याला सुनावत. तिसऱ्या दिवशी दुपारी आक्काचे ओठ हलले.

"त्या दिवशी मी..."

ती थांबली आणि तिने भावाच्या तोंडाकडे पाहिले. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीच नव्हते, आणि ते तिला दिसले.

"विहिरीकडच्या दाराची कडी मी लावली नव्हती," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला. "हे मला तेव्हाच सांगायचं होतं, त्र्यंबक! तुलाच सांगायचं होतं. तू सांगू दिलं नाहीस. तुझा दोष नाही म्हणालास! तुला काय ठाऊक होतं रे?"

त्र्यंबक ऐकत राहिला. दिवेलागणीपर्यंत ती बोलत होती, रडत होती, त्याला बोल लावत होती. मग तिने पदराने तोंड पुसले आणि ती म्हणाली, "ऊठ, थोडी पेज टाक माझ्यासाठी."