गळ्यात मफलर असलेला जखमी नर

माळकुंडी नावाच्या गावात एक भोळा जीपवाला होता. गाव त्याला हसायचं. मीही हसतो, पण जरा बेतानं. कारण तो जीपवाला म्हणजे मीच.

जीप माझ्या दाजींची. माळावर आणि घाटात पाहुण्यांना जनावरं दाखवायचा त्यांचा धंदा. माझ्या बहिणीनं हट्ट धरला म्हणून त्यांनी मला गाडीवर घेतलं.

पहिल्या दिवशी दाजी म्हणाले, "सोपाना, जनावर दिसलं की गाडी थांबवायची. एवढं जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

पुण्याचे आगाशे काका-काकू लांडगा बघायला आले होते. वेशीपाशी म्हैस दिसली. थांबलो. पुढं शेळ्या दिसल्या. थांबलो. पाटलांचं कुत्रं झोपलं होतं. ते उठेपर्यंत थांबलो. माळ लागायच्या आत दिवस मावळला.

दाजींनी कपाळावर हात मारला. "अरे, ती पाळीव जनावरं! गळ्यात काही बांधलेलं दिसलं की थांबू नको. सरळ पुढं जा."

हे मला लगेच पटलं.

दुसऱ्या दिवशी माळावर गवतातून लांडगा निघाला. चांगला तगडा. काकू सीटवरून उठल्याच. "थांबवा, थांबवा!"

मी बघितलं, तर त्याच्या गळ्यात पट्टा. वनखात्यानं अभ्यासासाठी घातलेला, असं मला नंतर कळलं. मी गाडी आणखी जोरात हाणली.

"काकू, पाळीव आहे," मी म्हणालो. "असले गावात पुष्कळ."

त्या रात्री दाजी जेवले नाहीत. बहीण रडली. शेवटी दाजी म्हणाले, "उद्या शेवटची संधी. पाहुण्यांना घाटात ने. झुडपातून जे बाहेर येईल ते जंगली समज. गळ्याकडं बघूच नको. गाडी थांबव, काचा वर घे, गप्प बस. ते निघून जाईपर्यंत दार उघडायचं नाही. चुकलास तर परवापासून शेळ्या वळ."

यावेळी चुकायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

दाजींना मात्र भरवसा नव्हता. ते मोटारसायकलवरून पुढं गेले आणि घाटातल्या वळणावर घसरून कारवीच्या झुडपांत पडले. हे आम्हाला काय ठाऊक?

आम्ही वळणावर आलो, तर झुडपं हलली. मी गाडी थांबवली, काचा वर घेतल्या. चिखलानं माखलेले दाजी कण्हत, रांगत बाहेर आले. गळ्यात मफलर होता. पण गळ्याकडं बघायचं नव्हतं.

त्यांनी काचेवर थापा मारल्या. "गाढवा, दार उघड! पाय मुरगळलाय!"

"अहो, हे तर तुमचे दाजी!" काका म्हणाले.

"शू! बोलू नका." मी मान खाली घालून हळूच म्हणालो, "फोटो काढून घ्या. जखमी नर आहे."

दाजींनी मला शिव्या घातल्या, जीपच्या चाकाला लाथ मारली, तीही दुखऱ्या पायानं, आणि लंगडत घाट उतरू लागले.

ते पार दिसेनासे झाले, तेव्हा मी दार उघडलं आणि पाहुण्यांना म्हणालो, "आता पाय मोकळे करा. धोका गेला."