दिवा वाढव

“दिवा खाली वळवला, तर माझ्या लेकीला घर दिसणार कसं, बुवा?”

आबा शिंगटे नगरपालिकेची नोटीस मठाच्या पायरीवर आपटून बसले होते. बाहेरच्या दिव्याचं तोंड जमिनीकडे हवं, शेजाऱ्याच्या खिडकीत उजेड जाता कामा नये, असा नवा नियम. आबांचा फोकस तर समोरच्या तीन घरांत शिरायचा.

वृषालीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा आबांनी तिला उंबऱ्यावरूनच परत धाडलं होतं. त्याला चार वर्षं झाली. आता तिच्यासाठी जीव तीळतीळ तुटत होता. पण फोन करतील तर ते आबा कसले! त्यांनी आपला फाटकावर दिवा लावला. लेकीनं काय ते समजून घ्यावं.

धुंडाबुवांनी नोटीस वाचली, घडी घालून परत दिली.

“आबा, दिवा वाढव.”

आबा खूश! खुद्द गुरूंनी सांगितल्यावर नगरपालिका गेली उडत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुप्पट मोठा फोकस बसवला.

आठवड्यानं ते पुन्हा आले. चेहरा पार उतरलेला.

“काल संध्याकाळी आली होती...”

“कोण?”

“वृषाली. फाटकाशी उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून आत बघत होती. शेजारणीला म्हणाली, घरात कुणी दिसत नाही, रविवारी पुन्हा येऊन बघते. आणि गेली.”

“तू कुठं होतास?”

“ओट्यावर. दहा पावलांवर.”

“तुला ती दिसली?”

“लख्ख दिसली, बुवा. केवढी वाळलीय...”

“मग?”

आबा नखानं पायरी कोरत राहिले.

“वाटलं, आधी तिनं हाक मारावी...”

मग आबा एकदम उसळले.

“वाढव म्हणून तुम्हीच सांगितलंत!”

“नारळ वाढवतोस, तेव्हा काय करतोस?”

“फोडतो.”

“बांगडी वाढवली, म्हणजे?”

“फुटली...”

“आणि दिवा?”

आबांची आई जन्मात कधी ‘दिवा विझव’ म्हणाली नव्हती. ‘वाढव’ म्हणायची.

“अरे देवा!” आबांना रडूच फुटलं. “आजच मालवतो, बुवा. पण रविवारी त्या अंधारात मी बसलोय, हे तिला कळणार कसं? हाक काही माझ्या तोंडून निघायची नाही...”

बुवांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“खोकायचं, आबा.”