पक्कडीचे दात

अवजारं आपसांत बोलायची तेव्हाची गोष्ट. कुमुद नावाची एक बाई घरीच तांब्याच्या तारेची कानातली वळायची. मऊ तारेवर ओरखडा उठू नये म्हणून कामाला बसण्याआधी ती पक्कडीच्या दातांवर चिंधी गुंडाळायची.

पक्कडीला याचा भारी राग. "राबते मी, आणि तोंडही माझंच बांधायचं," ती चिंधीला म्हणाली. "तारेवर माझी एक खूण तरी दिसते का?"

"दिसत नाही म्हणूनच लोक घेतात," चिंधी म्हणाली.

पक्कडीला ते पटलं नाही. शेजारच्या मुलीच्या लग्नासाठी कानातली वळताना तिने आतल्या आत चिंधी चावली आणि शेवटच्या वेटोळ्यावर दात रोवले. खूण उठली. पक्कड खूश झाली.

कुमुदने कानातलं उजेडात धरलं, त्यावरून अंगठा फिरवला, आणि तिचा चेहरा उतरला. "चिंधी फाटेपर्यंत दाबलं मी," ती कानातली न्यायला आलेल्या नवरीच्या आईला म्हणाली. "माझाच हात जड झालाय आता. हे नका घालू तिला, दुसरीकडून घ्या."

सगळं सांगून टाकावं म्हणून पक्कडीने तोंड उघडलं, पण अवजारांचं बोलणं माणसाला कुठलं ऐकू यायला.

ते उघडं तोंड पाहून कुमुदला वाटलं, खीळ अडकली. तिने पक्कड मांडीवर घेतली, तेलाचा थेंब सोडला आणि पुसत म्हणाली, "तुझा काय दोष गं बाई."

तेल आत झिरपत गेलं. पक्कडीला वाटलं, यापेक्षा हिने मला भंगारात टाकलं असतं तर बरं झालं असतं.