बिनब्रेकची सायकल

“पण मी तिला सांगितलं होतं का, ब्रेक काढ म्हणून?”

निनादने तायाप्पा उस्तादांना विचारलं. ते दोऱ्याला मेण लावत होते.

तरुणपणी सर्कशीत एका चाकावर सायकल चालवणारे तायाप्पा आता कोरड्या पडलेल्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर चपला-बूट शिवत बसत. तलावाच्या उतरत्या भिंतींवर गावातली पोरं आपल्या बुटक्या बीएमएक्स सायकली उडवायची. पडली की उठून आधी उस्तादांकडे बघायची. उस्ताद कधी मान हलवत, कधी नाही. एवढीच काय ती शाळा.

निनाद त्या शाळेतला पहिला नंबर. त्याने सायकलचा ब्रेक तारेसकट काढून टाकला होता. पोरं त्याला ‘बिनब्रेक्या’ म्हणत, आणि तो ते ऐकायला हटकून थांबत असे.

महिन्याभरापूर्वी तेरा वर्षांच्या रेवानेही आपल्या सायकलचा ब्रेक काढला. दुसऱ्याच दिवशी उतारावरून सुटली ती थेट समोरच्या भिंतीवर. हात दोन ठिकाणी मोडला.

“सगळे माझ्याकडेच बघतात, उस्ताद. तिने माझं बघून केलं, यात माझी काय चूक?”

“काय म्हणती पोरगी?”

“मी... गेलो नाही अजून.”

“मी गेल्तो.” उस्तादांनी दोरा आरीत अडकवला. “सायकल इकायला काढलीया तिनं.”

“का? हात तर बरा होईल.”

“म्हणती, निनाददादा कधीच थांबत न्हाई. मला थांबावंसं वाटलं. माझ्यात दमच न्हाई.”

निनादला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण ‘कधीच थांबत न्हाई’ हे ऐकून थोडं बरंही वाटलं. आणि मग त्या बरं वाटण्याची त्याची त्यालाच लाज वाटली.

“डावा बूट काढ,” उस्ताद म्हणाले.

“बूट ठीक आहे.”

“काढ.”

निनादने काढून दिला. उस्तादांनी तो तळ वर करून जमिनीवर ठेवला. निनादचा हात आपोआप पुढे आला आणि त्याने बूट सरळ केला.

“उलटा नका ठेवू. आई म्हणते, घरात भांडण लागतं.”

उस्तादांनी तो पुन्हा उलटा केला.

तळाला मधोमध खाच पडली होती. बोटभर रुंद, गुळगुळीत. मागच्या टायरने घासून घासून पाडलेली.

ब्रेक नव्हता, पण निनाद थांबत नव्हता असं नाही. पाय मागे नेऊन बुटाचा तळ टायरवर दाबायचा. सफाई अशी की काठावरून बघणाऱ्याला पत्ता लागू नये. रेवाला लागला नव्हता.

“दिसातनं किती येळा?”

“मोजलं नाही... पन्नास. जास्तच.”

“आन आज सकाळी?”

निनाद खाली बघू लागला. “त्या मोठ्या उडीवर सात वेळा गेलो. सातही वेळा थांबलो.”

“भ्यालास?”

“...हो.”

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी खाचेत अंगठा ठेवला. “माझं तर दोनी पायांतलं बूट खाल्लं सर्कशीनं.”

“तुम्हीसुद्धा?”

“पुढच्याला ठेच, मागचा शाना म्हणत्यात. पर पुढच्यानं ठेच झाकून ठिवली तर?”

खाली तलावात कुणाची तरी सायकल दणकन आपटली. पोरगं उठलं, त्याने वर पाहिलं. उस्तादांनी मान हलवली.

“नवा तळ लावून द्या, उस्ताद. रविवारी स्पर्धा आहे. कुणी बघितलं तर...”

उस्तादांनी चामडं कापायची रापी उचलली. बुटाकडे पाहिलं आणि रापी पुन्हा खाली ठेवली. मग त्यांनी बुटाची उसवलेली कड शिवली, सुटलेली टाच शिवली, आणि बूट निनादपुढे सरकवला. खाच होती तशीच होती.

“हे राहिलं.”

“ऱ्हाऊ दे.”

निनादने बूट पायात घातला. लेस बांधून झाली तरी तो उठेना.

“रेवाकडे जातो,” तो म्हणाला. “पण जाऊन बोलू काय? कुठल्या तोंडाने बोलू?”

उस्तादांनी दुसऱ्या कुणाची तरी तुटकी चप्पल मांडीवर ओढली.

“बोलू नगंस. दारात बूट काढशील न्हवं... त्यो उलटा ठेव.”