पहिलं माणूस कुणाच्या घरचं?

प्लेगच्या साली आमच्या गावात कणगीखाली उंदीर मरून पडायला लागले. गाव सोडून माळावर झोपड्या टाकायच्या, तर पाटलाचा हुकूम हवा. आणि त्याच्या घरी लेकीचं लग्न. चावडीवर तो गरजला, “उंदरं मेली म्हणून कुणी गाव सोडतं का? आधी एखादं माणूस मरू दे, मग बघू!”

म्हातारी सुईण ठकूबाई पुढं झाली. “बरं, पाटील. ते माणूस कुणाच्या घरचं, तेवढं नाव सांगा. सगळं गाव माझ्या हातावर जन्मलंय, तुमच्यासकट. मला तर कुणी जास्तीचं दिसत नाही.”

पाटलानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. मग लग्नाच्या मांडवासाठी आणलेले बांबू माळावर न्यायला सांगितले.

माळावर पहिली झोपडी त्याचीच उभी राहिली. लग्न पुढच्या साली लागलं, तेव्हा अक्षता टाकायला गावातलं एकही माणूस कमी नव्हतं.